घरच्या कोल्ड प्रोसेस साबणावरचे पांढरे थर, गडद वर्तुळे आणि नारिंगी ठिपके

भरतीओहोटी | ८ जुलै, सकाळी ९.१०

नमस्कार. मी रत्नागिरीत राहते आणि घरच्या वापरासाठी कोल्ड प्रोसेस पद्धतीने, म्हणजे तेलात कॉस्टिक सोड्याचे पाणी मिसळून आणि न शिजवता, साबण करते. साबण अंगाला चांगला लागतो, फेसही भरपूर येतो, परंतु त्याचे रूप पाहता तो कोणाला भेट द्यावा असे वाटत नाही. तक्रारी तीन-चार आहेत आणि त्यांचे मूळ एकच आहे की प्रत्येकीचे वेगळे, हे मला ठरवता येत नाही.

साच्यातून काढतानाच साबणाच्या वरच्या बाजूवर पिठूळ पांढरा थर आलेला असतो. कापलेल्या बाजूंवर तो नसतो. वडी कापल्यावर मधोमध गडद, किंचित पारदर्शक वर्तुळ दिसते आणि कडेचा भाग फिकट राहतो. मार्चमध्ये केलेल्या वड्यांवर आता नारिंगी-तपकिरी ठिपके उमटू लागले आहेत. त्यात पाऊस सुरू झाल्यापासून सगळ्याच वड्यांना घाम सुटतो.

माझे प्रमाण असे आहे: एकूण तेल १००० ग्रॅम, त्यात खोबरेल ३५०, करडई ३००, राईस ब्रान (तांदळाच्या कोंड्याचे तेल) २५० आणि एरंडेल १००. कॉस्टिक सोडा १४३.६ ग्रॅम, म्हणजे सुपरफॅट (सोड्याशी न जुळता मोकळे राहणारे तेल) ५ टक्के. पाणी ३८० ग्रॅम. तेल आणि लाय (सोड्याचे पाणी) दोन्ही साधारण ४० अंशांवर आल्यावर मिसळते. साचा सिलिकॉनचा, लांबट. वर काही झाकत नाही. रंग घालत नाही, सुगंधासाठी फक्त गवती चहाचे तेल असते.

---

सह्यकडा | ८ जुलै, सकाळी ९.३२

अंगाला चांगला लागतो, फेस येतो, मग तक्रार कसली? पहिल्या आंघोळीनंतर सगळे साबण सारखेच दिसतात.

---

रिठा | ८ जुलै, सकाळी ११.०५

सह्यकडा, वरच्या थराबाबत तुमचे म्हणणे खरे आहे, ठिपक्यांबाबत मात्र नाही. त्याकडे नंतर येते.

भरतीओहोटी, तुमचा पांढरा थर बहुतेक सोडा ॲश आहे, म्हणजे साधा धुण्याचा सोडा. साबण ओतल्यानंतर पहिले एक-दोन दिवस त्यात तेलाशी न जुळलेला कॉस्टिक सोडा शिल्लक असतो. वरच्या पृष्ठभागावर त्याची हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी गाठ पडते आणि सोडियम कार्बोनेट तयार होते. कापलेल्या बाजू हवेला उशिरा भेटतात, तोवर लाय संपलेली असते, म्हणून तिथे थर दिसत नाही. तुम्ही केलेल्या वर्णनातला हाच भाग सर्वांत उपयोगी आहे.

उपाय दोन. एक म्हणजे पाणी कमी करा. तुमच्या ३८० ग्रॅम पाण्यात लायची तीव्रता जेमतेम २७ टक्के पडते. सोड्याच्या दुप्पट पाणी, म्हणजे सुमारे २८७ ग्रॅम घेतले की ती ३३ टक्क्यांवर जाते. साबण लवकर घट्ट होतो आणि लायला वर येऊन हवेशी जुळायला फारसा वेळ मिळत नाही. दुसरा म्हणजे ओतल्याबरोबर साचा झाका. मी पुठ्ठ्याचे झाकण ठेवून त्यावर टॉवेल टाकते. आलेला थर ओल्या फडक्याने पुसला जातो, किंवा कपड्यांच्या स्टीमरची वाफ काही क्षण दिली तरी विरतो. काही जणी ओतल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारतात. ते तीव्र लागते, ९० टक्क्यांच्या पुढचे, आणि फवारताना जवळ गॅस पेटलेला असता कामा नये.

---

आम्लारी | ८ जुलै, दुपारी १.४८

रिठा यांचे निदान बहुधा बरोबर आहे, पण "बहुधा" या शब्दावर समाधान मानू नये, कारण पांढरे दिसणारे सगळे एक नसते आणि त्यांतली एक गोष्ट कातडी भाजवणारी असते. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

थरावर व्हिनेगरचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर ते कार्बोनेट, म्हणजे सोडा ॲश. पांढरे ठिपके वडीच्या आतही विखुरलेले असतील, पाण्याने विरघळत नसतील आणि व्हिनेगरला दाद देत नसतील, तर ते स्टिअरिक आम्लाचे कण असण्याची शक्यता अधिक. तेल-बटर पुरते वितळण्याआधी किंवा फार थंड असताना मिसळले की ते दिसतात आणि निरुपद्रवी असतात. तिसरी शक्यता गंभीर आहे. वडीत पांढरे, ठिसूळ खडे किंवा ओलसर पोकळ्या असतील, तर न विरघळलेला किंवा वेगळा पडलेला कॉस्टिक सोडा असू शकतो. तो साबण वापरायचा नाही; पाणी घालून मंद आचेवर पुन्हा शिजवायचा किंवा, सोडा मुळातच जास्त पडला असेल तर, हिशेबाने तेल वाढवायचे.

ओळख पटवायला बरेच जण जिभेची परीक्षा करतात: ओले बोट साबणावर घासून जिभेच्या टोकाला लावायचे, झटका बसला तर मोकळी लाय आहे. वडी थेट चाटू नये. पीएच पट्टी साबणावर नीट बोलत नाही, कारण चांगल्या साबणाचा पीएचही ९ ते १०.५ च्या आसपास असतो. फिनॉल्फथॅलीन या क्षारात गुलाबी होणाऱ्या रसायनाचेही तेच, साबण पाण्यात विरघळवून थेंब टाकला तर उत्तम साबणही गुलाबी होतो. ती परीक्षा साबण अल्कोहोलमध्ये विरघळवून करायची असते.

---

रिठा | ८ जुलै, दुपारी २.२०

म्हणजे दुकानातून पीएच पट्ट्या आणून "माझा साबण सात आला" असे सांगणारे?

---

आम्लारी | ८ जुलै, दुपारी २.३१

त्यांची पट्टी तरी चुकते आहे किंवा त्यांनी साबणाऐवजी दुसरेच काही केले आहे. तेल आणि कॉस्टिक सोड्याचा खरा साबण सातवर येत नाही.

---

वऱ्हाडीठेचा | ८ जुलै, सायंकाळी ६.१५

पाणी कमी करा हा सल्ला सरसकट देऊ नये असे मला वाटते, कारण भरतीओहोटी यांची दुसरी तक्रार त्यामुळे बदलते. मधले गडद वर्तुळ म्हणजे अर्धवट जेल फेज, म्हणजे साबण तापून जेलीसारखा पारदर्शक होतो ती अवस्था. साबण होताना उष्णता निर्माण होते, मधला भाग तापून जेल होतो, आणि कडेची उष्णता साच्याच्या पातळ भिंतींतून निघून गेल्याने तिथे जेल होत नाही. जेलचे तापमान पाण्याच्या प्रमाणावर अवलंबून असते: पाणी जास्त असेल तर साबण कमी तापमानालाच जेल होतो, पाणी कमी केले की त्याला अधिक तापावे लागते. आता २८७ ग्रॅम पाणी घेतले आणि साचा तसाच उघडा ठेवला, तर वर्तुळ कदाचित आणखी लहान होईल किंवा नाहीसेही होईल, पण सर्वत्र जेल होईलच असे नाही. जेल न झालेल्या साबणात लाय सावकाश संपते, म्हणजे सोडा ॲशला पुन्हा वाव मिळतो.

त्यामुळे आधी ठरवावे लागते की जेल हवे की नको. हवे असेल तर साचा लाकडी पेटीत ठेवा, झाका, चादरीत गुंडाळा. नको असेल तर ओतल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवा आणि थोडी ॲश येईल हे गृहीत धरा. अधांतरी ठेवले की वर्तुळ येते. वापराच्या दृष्टीने त्या वर्तुळात कोणताही दोष नाही.

आमच्याकडे अकोल्याला मात्र उलटी अडचण असते. मे महिन्यात चादर गुंडाळली तर साबण मधोमध फुगतो आणि वरून तडकतो. गूळ, मध किंवा दूध घातलेला असेल तर हमखास, कारण साखरेने उष्णता वाढते. त्या दिवसांत मी दूध गोठवून घेतो आणि साचा फरशीवर उघडा ठेवतो.

---

रिठा | ८ जुलै, रात्री ८.०२

मान्य. मी झाकण आणि टॉवेल सांगितले ते याच कारणासाठी, पण कारण लिहायचे राहिले. पाणी कमी आणि उष्णता राखलेली, या दोन्ही गोष्टी एकत्र करायच्या आहेत. नुसते पाणी कमी करून भागत नाही.

---

हिमगौरी | ८ जुलै, रात्री १०.४०

मी मिनेसोटात असते. हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा इतकी कोरडी असते की साबणाला घाम येण्याचा प्रश्नच नाही, तरीही साचा उघडा ठेवला की ॲश येतेच. त्यामुळे पांढऱ्या थराचा दोष कोकणातल्या दमट हवेला देऊ नये. मी साच्यावर प्लास्टिकची फिल्म साबणाला टेकेल अशी पसरते. वरची नक्षी मोडते हे खरे. परंतु मला नक्षीपेक्षा गुळगुळीत पृष्ठभाग प्रिय आहे.

---

केवडा | ९ जुलै, सकाळी ७.५५

याच निमित्ताने विचारते. माझ्या पांढऱ्या साबणात नागमोडी, पारदर्शक रेषा येतात, जणू कोणी आत बोट फिरवले आहे. मी टायटॅनियम डायऑक्साइड घालते. रंग नीट मिसळला नाही म्हणून असे होते का?

---

वऱ्हाडीठेचा | ९ जुलै, सकाळी ८.४०

नाही, मिसळण्याचा दोष असता तर पांढऱ्या गुठळ्या दिसल्या असत्या. या ग्लिसरीनच्या रेषा आहेत. पाणी जास्त आणि जेल जोरात झाले की त्या उठून दिसतात, आणि टायटॅनियम डायऑक्साइड असले की रंगातल्या फरकामुळे अधिकच. पाणी कमी करा आणि टायटॅनियमचे प्रमाणही निम्मे करून पाहा. पावडर आधी थोड्या तेलात घोटून घ्या, म्हणजे गुठळ्यांची वेगळी भीती राहणार नाही.

---

भरतीओहोटी | ९ जुलै, सकाळी १०.२०

सर्वांचे आभार. व्हिनेगरचा थेंब टाकला, बुडबुडे आले. जिभेला झटका बसला नाही. म्हणजे थराचा प्रश्न सुटला. आता घाम आणि ठिपके यांबद्दल कोणी लिहावे. घामाचे थेंब स्वच्छ, बिनरंगी असतात, आणि वड्या मी झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवते, कारण बाहेर ठेवल्या की जास्त भिजतात.

---

रिठा | ९ जुलै, दुपारी १२.१०

घामाची परीक्षाही तीच. थेंबाने जिभेला झटका बसला तर लाय वेगळी पडली आहे. नाही बसला तर ग्लिसरीनने हवेतले पाणी ओढले आहे. कोकणच्या जुलैत दुसरी शक्यता जवळजवळ खात्रीची. बाजारातल्या बऱ्याच साबणांतून ग्लिसरीन काढून घेतलेले असते, आपल्यात ते सगळे राहते, म्हणून आपल्या वड्या अधिक पाणी ओढतात. साबणात मीठ घातले असेल तर हा त्रास आणखी वाढतो.

बंद डबा नको. ओलसर वडी डब्यात कोंडली की ती ओलसरच राहते. खोलीचे दार-खिडक्या बंद करून पंखा चालू ठेवा, शक्य असेल तर डीह्युमिडिफायर लावा, आणि वड्या पुरत्या कोरड्या झाल्यावरच सिलिका जेलच्या पुड्यांसह कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. घामाने साबण बिघडत नाही, पण ओल आणि खवटपणा यांचे चांगले जमते, म्हणून तुमच्या ठिपक्यांना त्याची मदत होत असणार.

---

आम्लारी | ९ जुलै, दुपारी ३.३५

ठिपक्यांबद्दल. साबणात सुपरफॅट म्हणून जे तेल मोकळे राहते ते, आणि काही अंशी साबण झालेली असंतृप्त मेदाम्लेही, हवेतल्या ऑक्सिजनने खवट होतात. पावसाळ्यात डब्यातले शेंगदाणे खवट होतात तीच ही क्रिया. ठिपक्याचा वास घ्या, ओळख पटेल.

आता तुमचे प्रमाण पाहा. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल, म्हणजे लवकर खवट होणारे असंतृप्त मेदाम्ल, सुमारे ७५ टक्के असते. राईस ब्रानमध्ये ते साधारण एक तृतीयांश. तुमच्या हजार ग्रॅम तेलांत मिळून लिनोलेइकचा वाटा ३० टक्क्यांच्या पुढे जातो. टिकाऊ साबणासाठी लिनोलेइक आणि लिनोलेनिक मिळून १५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा रिवाज आहे. खाण्याच्या तेलात जो गुण आपण मिरवतो तोच इथे आड येतो.

---

टाकाऊतूनटिकाऊ | ९ जुलै, दुपारी ४.१२

व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल फोडून घातल्या की झाले. मी नेहमी घालते.

---

आम्लारी | ९ जुलै, दुपारी ४.५०

व्हिटॅमिन ई त्वचेच्या तेलात उपयोगी असेल, पण साबणाच्या क्षारीय वातावरणात त्याच्यावर फार विसंबू नये. रोझमेरीचा ओलिओरेझिन अर्क अधिक भरवशाचा आहे, आणि तो डबा उघडल्याबरोबर ताज्या तेलात मिसळावा. खवट होऊ लागलेले तेल तो परत ताजे करत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे धातूचे अंश. लोह आणि तांबे अत्यल्प असले तरी खवटपणाला वेग देतात. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरत असाल तर आधी ते थांबवून डिस्टिल्ड वॉटर घ्या. धातूंना बांधून ठेवण्यासाठी लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड घालता येते. तेलाच्या एक टक्का, म्हणजे तुमच्या प्रमाणाला १० ग्रॅम. पण ते आम्ल असल्याने लाय खाते: निर्जल सायट्रिक ॲसिडच्या १० ग्रॅमला कॉस्टिक सोडा ६.२ ग्रॅम वाढवावा लागतो, मोनोहायड्रेट असेल तर ५.७ ग्रॅम. वाढवला नाही तर तेवढ्या सोड्याचे तेल मोकळे राहील, सुपरफॅट पाचाऐवजी नवाच्या आसपास जाईल आणि ठिपक्यांना आणखी खाद्य मिळेल.

---

सह्यकडा | ९ जुलै, सायंकाळी ५.०५

आंघोळीच्या साबणासाठी चार दशांश स्थळांपर्यंत हिशेब. आमच्या आजीने डाळीचे पीठ लावून आयुष्य काढले, तिच्या पिठाला ठिपके आले नाहीत.

---

रिठा | ९ जुलै, सायंकाळी ५.२०

टोके झाले असतील. तेही वाईटच.

---

केवडा | ९ जुलै, सायंकाळी ६.००

ठिपके हळदीचे तर नसतील? माझ्या हळदीच्या साबणात सुरुवातीला विटकरी लाल कण दिसले होते.

---

आम्लारी | ९ जुलै, सायंकाळी ६.४४

हळद क्षारात लाल होते; हळदीला चुना लावून कुंकू करतात त्यामागे हेच आहे. ते कण पहिल्या दिवसापासून असतात आणि उजेडात हळूहळू फिकट होतात. भरतीओहोटी यांच्या ठिपक्यांचा प्रवास उलटा आहे: आधी नव्हते, चार महिन्यांनी उमटले. शिवाय त्यांनी हळद घातलेलीच नाही.

---

वऱ्हाडीठेचा | ९ जुलै, रात्री ९.१८

करडई कमी करायची तर तिच्या जागी काय, हेही सांगायला हवे. ऑलिव्ह महाग पडते. पामोलीन स्वस्त आहे आणि त्यात लिनोलेइक करडईच्या मानाने फारच थोडे. आमच्याकडे मोहाच्या बियांचे तेल मिळते. साबणासाठी ते जुने आणि चांगले तेल आहे, वडी घट्ट होते, फक्त वास सहन करावा लागतो. कोकणात तुम्हाला कोकमाचे मुठेल, म्हणजे बियांचे घट्ट तेल, सहज मिळेल. ते दहा टक्क्यांपर्यंत घातले तर वडी कडक होते आणि खवटपणाचे भय नाही, पण त्यात स्टिअरिक भरपूर असल्याने ४० अंशांवर मिसळू नका. ते पूर्ण वितळवून तेले ४५ ते ५० अंशांवर असताना लाय घाला, नाहीतर आम्लारी यांनी सांगितलेले आतले पांढरे कण दिसतील आणि नवा धागा काढावा लागेल.

तेल बदलले की लाय नव्याने काढायची. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा: खोबरेलाच्या १०० ग्रॅमला १८.३ ग्रॅम, एरंडेलाच्या १०० ग्रॅमला १२.८ ग्रॅम. जुनाच आकडा पुढे चालवला तर साबण एकतर तेलकट होईल किंवा जाळेल.

---

टाकाऊतूनटिकाऊ | १० जुलै, सकाळी ९.०५

ठिपके आलेला साबण फेकून द्यायचा का? आणि असा साबण प्रदर्शनात स्वस्तात विकला तर चालेल का?

---

रिठा | १० जुलै, सकाळी ९.५०

थोडे ठिपके असतील तर ते भाग कापून घरात वापरा; अपाय होत नाही, वास मात्र वाढत जातो. विकू नये. ठिपक्यांचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, विक्रीसाठी साबण करायचा तर २०२० च्या प्रसाधन नियमांखाली उत्पादनाचा परवाना लागतो. "घरगुती" असे लेबल लावल्याने तो चुकत नाही.

---

हिमगौरी | १० जुलै, सकाळी ११.१५

भरतीओहोटी, एक विचारायचे राहिले. ठिपके वडीवर कुठेही विखुरलेले आहेत की ओळीने आहेत? आणि वड्या सुकवायला कशावर ठेवता?

---

भरतीओहोटी | १० जुलै, दुपारी १२.३०

आत्ता वड्या उलटून पाहिल्या. वरच्या बाजूला थोडे, कुठेही आहेत. खालच्या बाजूला मात्र सरळ रेषेत आहेत, एकमेकांना समांतर. वड्या भांडी निथळायच्या जुन्या जाळीवर ठेवते. तिच्यावरचे प्लास्टिकचे आवरण काही ठिकाणी उडाले आहे.

---

हिमगौरी | १० जुलै, दुपारी १२.५२

मग दोन कारणे एकाच वडीवर आहेत. खालच्या रेषा जाळीच्या उघड्या लोखंडाच्या, वरचे ठिपके करडईचे. फक्त तेल बदलले असते तर पुढच्या खेपेला खालच्या रेषा पुन्हा दिसल्या असत्या आणि तुम्ही नव्या तेलाला दोष दिला असता.

---

आम्लारी | १० जुलै, दुपारी १.१०

उत्तम प्रश्न. मी पाण्यातल्या लोहापर्यंत गेलो, जाळीपर्यंत पोचलो नाही. लाय कशात कालवता तेही सांगून ठेवा. स्टीलचे पातेले किंवा पीपी (पॉलिप्रॉपिलीन) प्लास्टिक चालेल. ॲल्युमिनियम अजिबात नाही, त्यातून हायड्रोजन निघतो आणि भांडेही खलास होते.

---

भरतीओहोटी | १० जुलै, दुपारी २.४०

लाय स्टीलमध्येच कालवते, सोडा पाण्यात घालते, पाणी सोड्यात नाही. जाळी आज अडगळीत गेली. तिच्या जागी बांबूची रोवळी उलटी घालून वर बटर पेपर पसरला आहे. पुढचा साबण असा करेन: करडई पूर्ण बंद, तिच्या जागी पामोलीन २०० आणि मुठेल १००, पाणी सोड्याच्या दुप्पट, तेल ४८ अंशांवर, साचा खोक्यात, झाकून. लिंबूसत्त्व आत्ता घालत नाही, नाहीतर कशाने काय सुधारले ते कळणार नाही. राईस ब्रान २५० तसेच ठेवले तर लिनोलेइक मर्यादेत राहील का?

---

आम्लारी | १० जुलै, दुपारी ३.२५

राईस ब्रानमधून आठ-नऊ, पामोलीनमधून दोन, बाकीच्यांतून एखादा टक्का. बाराच्या आसपास येईल, चालेल. सोडा मात्र नव्याने मोजा आणि मिसळण्यापूर्वी आकडा इथे टाका, म्हणजे दुसरी नजर फिरेल.